निवृत्तीनंतरची इलेक्ट्रिक गिटार: आधी हात, मग कपाट

‘आधी साधी लाकडी गिटार शिका, बोटे तयार झाली की इलेक्ट्रिक घ्या’ हा सल्ला गिटार शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी देतोच. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्यात काही तथ्य असेलही. साठीच्या हाताला मात्र तो उलटा लागू पडतो. लाकडी गिटारीवर सर्रास चढवल्या जाणाऱ्या धातूच्या संचातील सर्वांत बारीक तार सुमारे ०.३० मिलिमीटर जाडीची असते, तर इलेक्ट्रिक गिटारीच्या ‘नऊच्या’ (सर्वांत बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची असलेल्या) संचात तीच तार ०.२३ मिलिमीटरची असते. तारा पट्टीच्या अधिक जवळ ठेवता येतात, गिटारीची मान, म्हणजे तारा दाबण्याचा दांडा, सहसा अधिक बारीक असते, आणि आवाज मोठा करण्याचे काम लाकडी पेटीकडे नसून अॅम्प्लिफायरकडे असल्यामुळे तार जोरात छेडावी लागत नाही. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उमटतो. हलका स्पर्शही या यंत्रणेला पुरतो. निवृत्तीनंतर ज्यांच्या बोटांचे सांधे सकाळी थोडे कुरकुरतात, त्यांच्यासाठी हे वाद्य जणू मुद्दाम केले आहे.

उदाहरणच हवे असेल तर ब्लॅक सबाथ या रॉक बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांचे घ्यावे. १९६५ साली कारखान्यातील यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे गेली, आणि ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच होता. त्यांनी बोटांसाठी घरीच टोप्या बनवल्या, बारीक तारा चढवल्या, पुढे तारांचा स्वरही उतरवला आणि त्यातून ब्लॅक सबाथचा तो सुप्रसिद्ध जड आवाज आकाराला आला. ज्यांच्या नावाची गिटार प्रसिद्ध आहे ते स्वतः लेस पॉल सांधेदुखीने बोटे आखडलेली असतानाही नव्वदी ओलांडून न्यूयॉर्कमध्ये दर आठवड्याला रंगमंचावर वाजवत होते. २००९ साली वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. या दोघांची बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. परंतु वाद्य हाताशी जुळवून घेता येते, ही गोष्ट नवशिक्याने पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावी, कारण निवृत्त माणसाच्या खरेदीचा सगळा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा.

पहिली गिटार

दुकानात गेल्यावर रंग आणि आकार यांकडे लक्ष जाणारच, आणि ते जाऊ द्यावे. जी गिटार पाहून हातात घ्यावीशी वाटते तीच रोज वाजवली जाते. मात्र त्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली गोष्ट वजन. लेस पॉल पद्धतीची भरीव महोगनीची गिटार चार ते साडेचार किलोपर्यंत जाते, स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची साधारण साडेतीन किलोच्या आसपास असते, आणि तासभर खांद्यावर घेतल्यावर हा एक किलोचा फरक मानेला व पाठीला बरोबर कळतो. दुसरी गोष्ट तारेची वाजती लांबी, जिला गिटारवाले ‘स्केल’ म्हणतात. स्ट्रॅटोकास्टर बनवणाऱ्या फेंडर कंपनीच्या बहुतेक गिटारींची ही लांबी ६४८ मिलिमीटर असते आणि लेस पॉल बनवणाऱ्या गिब्सनच्या बहुतेक गिटारींची सुमारे ६२८. फरक दिसायला लहान आहे, पण तीच तार त्याच स्वरात लावली असता लहान स्केलवर ताण सुमारे सहा टक्क्यांनी कमी होतो आणि फ्रेटमधील, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधील, अंतरेही आखडतात. बोटे आखूड असतील किंवा ताणली जात नसतील तर लहान स्केल निवडावे. मग लेस पॉलचे वजन आड येते, म्हणून त्याच स्केलची पण पातळ अंगाची एसजी पद्धतीची गिटारही हातात घेऊन पाहावी. तिसरी गोष्ट पूल, म्हणजे ब्रिज. स्प्रिंगांवर तरंगणारा आणि दोन्ही बाजूंना हलणारा कुलूपबंद ट्रेमोलो नवशिक्याने टाळावा. त्यात एक तार बदलली किंवा उतरवली की बाकीच्या पाचही बेसूर होतात. मी पहिली गिटार नेमकी तसलीच घेतली होती आणि पहिले दोन महिने वाजवण्यापेक्षा खुंट्या पिळण्यातच घालवले.

पिकअपबद्दल एवढे पुरे आहे की एकेरी वेढ्याचे, म्हणजे तारेची एकच गुंडाळी असलेले, पिकअप खणखणीत आणि मोकळे वाजतात, पण घरातील विजेची ५० किंवा ६० हर्ट्‌झची गुणगुणही टिपतात. दुहेरी वेढ्याचे हंबकर जाड व गोल वाजतात आणि ती गुणगुण गाळतात. हंबकरमध्ये दोन वेढे व त्यांची चुंबके परस्परांच्या उलट ठेवलेली असतात, त्यामुळे बाहेरून आलेला गोंगाट एकमेकांत विरतो आणि तारेचा आवाज मात्र जमा होतो. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी घडवलेले हे पिकअप १९५७ पासून लेस पॉलवर बसू लागले. एकेरी वेढ्याची गिटार घेतलीत आणि गुणगुण त्रास देऊ लागली तर दुकानदाराशी भांडण्याआधी खुर्ची थोडी फिरवून पाहावी. कोन बदलला की गुणगुण पुष्कळ कमी होते.

वापरलेली गिटार घेण्यात कमीपणा काहीच नाही. मान डोळ्यासमोर धरून तिच्या कडेने नजर लांबवर टाकावी, म्हणजे ती पिळली आहे का ते दिसते. प्रत्येक तारेवरील प्रत्येक फ्रेट एकदा तरी वाजवावा, आवाजाची बटणे फिरवताना खरखर येते का ते ऐकावे, आणि मान जिथे संपून डोके सुरू होते तिथे मागच्या बाजूला केसाएवढी भेग आहे का ते उजेडात पाहावे. मागे झुकलेल्या डोक्याच्या गिटारी आडव्या पडल्या की बहुधा तिथेच मोडतात.

नवी असो वा जुनी, घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे तिचे सेटअप करून घेणे. कोऱ्या वाद्याला आणखी खर्च कशाला, असे वाटून हे काम टाळले जाते, आणि मग ‘माझी बोटेच आता चालत नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. जाणत्या कारागिराला नऊचा किंवा त्याहूनही बारीक आठचा संच चढवायला सांगावे, बाराव्या फ्रेटवर सर्वांत जाड तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटरच्या दरम्यान ठेवायला सांगावे, आणि मुख्य म्हणजे नटच्या खाचा तपासायला सांगाव्यात. नट म्हणजे मानेच्या टोकाची ती लहानशी पट्टी, जिच्यातून तारा खुंट्यांकडे जातात. तिच्या खाचा उथळ राहिल्या तर तारा पहिल्या तीन फ्रेटवर उंच राहतात, दाबताना दुखतात आणि दाबल्या तरी स्वर चढा लागतो. एवढ्यानेही हात दमत असेल तर सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवून लावाव्यात. त्याने ताण सुमारे ११ टक्के घटतो, आणि घरात एकट्याने वाजवणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही.

अॅम्प आणि कान

अॅम्पच्या बाबतीत वॉटचा आकडा नवख्याला हटकून फसवतो. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी शक्ती साधारण दहापट करावी लागते, म्हणजे ५० वॉटचा अॅम्प ५ वॉटच्या अॅम्पच्या फक्त दुप्पट मोठा वाटतो. बैठकीच्या खोलीत व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, ५ वॉटचा अॅम्प पूर्ण उघडला तर खिडक्या थरथरतील. निवृत्त नवशिक्यासाठी माझी निवड स्पष्ट आहे: आठ किंवा दहा इंची स्पीकरचा, हेडफोनची सोय असलेला, निरनिराळ्या अॅम्पच्या आवाजांची नक्कल करणारा डिजिटल मॉडेलिंग अॅम्प. त्याला व्हॉल्व्ह अॅम्पची ऊब नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नसेल. पण कोणता आवाज आपल्याला हवा आहे हेच जोवर ठाऊक नाही, तोवर दहा आवाज देणारी एक पेटी एका आवाजाच्या महागड्या पेटीपेक्षा अधिक शिकवते. पुढे व्हॉल्व्ह अॅम्प घेतलाच तर तो स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नये, आणि कितीही हौस असली तरी तो उघडू नये. त्याच्या आत ३०० ते ४५० व्होल्टपर्यंतचा दाब खेळत असतो, आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो जीवघेणा साठा टिकू शकतो. अॅम्प कोणताही असो, त्याचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच बसवावा. गिटारीच्या तारा पुलामार्फत त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि तुमची बोटे त्या तारांवर असतात.

कानांची गोष्ट आपल्या वयाला विशेष लागू आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला फार तर आठ तास सोसावा, आणि त्यावर दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो; म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. हेडफोनमध्ये १०० डेसिबल गाठणे मुळीच अवघड नाही. दुसरे असे की वयोमानानुसार आपले कान वरच्या पट्टीतील आवाज आधी गमावतात. म्हणून आपल्याला ‘अजून जरा मोकळा हवा’ असे वाटून आपण ट्रेबलचे बटण वाढवत नेतो, आणि पलीकडच्या खोलीतील माणसाच्या कानात मात्र सुया टोचतात. तरुण कानांच्या कोणाला तरी एकदा समोर बसवून ट्रेबल ठरवून घ्यावा आणि बटणावर पेन्सिलने खूण करून ठेवावी. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी तज्ज्ञाकडून त्यात संगीतासाठी वेगळा प्रोग्राम मिळतो का, हेही विचारून घ्यावे.

रियाज

बहुतेक पुस्तके गिटार शिकवायला सुरुवात करतात ती मानेच्या टोकाला, पहिल्या तीन फ्रेटवरील मोकळ्या तारांच्या कॉर्डपासून, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांपासून. ६४८ मिलिमीटरच्या गिटारीवर पहिल्या फ्रेटची रुंदी सुमारे ३६ मिलिमीटर असते. पाचव्या आणि सहाव्या फ्रेटमधले अंतर मात्र सुमारे २७ मिलिमीटरच भरते. म्हणजे ज्या हाताला अजून ताण सहन होत नाही, त्याला आपण सर्वांत रुंद जागेवर पाठवतो, आणि तेही नटजवळ, जिथे तार दाबायला सर्वांत कठीण जाते. माझे मत असे की साठीनंतर शिकणाऱ्याने पाचव्या फ्रेटवरून सुरुवात करावी. कॉर्डच शिकायच्या असतील तर तिसऱ्या किंवा पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून शिकाव्यात आणि दर पंधरवड्याला तो एकेक फ्रेट मागे सरकवत न्यावा. बोटांना कळणारही नाही आणि एक दिवस कॅपो नाहीसा झालेला असेल.

पहिल्या आठवड्यात एकच व्यायाम करावा. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटच्या लगेच मागे, धातूच्या पट्टीला जवळजवळ टेकून, बोट फक्त टेकवावे आणि तार छेडावी. खट्ट असा मेलेला आवाज येईल. मग जोर कणाकणाने वाढवत जावा, आणि स्वर ज्या क्षणी स्वच्छ होईल तिथे थांबावे. एवढाच जोर लागतो. नवशिके याच्या तिप्पट-चौपट जोर लावतात, अंगठ्याने मान आवळतात आणि दहा मिनिटांत हात चोळत बसतात. मनगट शक्य तेवढे सरळ ठेवावे. बसून वाजवतानाही रुंद पट्टा खांद्यावर असू द्यावा, म्हणजे गिटार सावरण्याचे काम डाव्या हाताकडे येत नाही. बोटांची अग्रे पहिले काही आठवडे हुळहुळतील, ती आपोआप घट्ट होतात. पण सांध्यात कळ येणे, मुंग्या येणे, बोट अडकून झटक्याने सुटणे ही वेगळी लक्षणे आहेत; तिथे वाजवणे थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. दुखणे अंगावर काढून वाजवत राहणे म्हणजे शौर्य नव्हे, महिनाभराची सक्तीची सुटी ओढवून घेणे होय.

वेळ आपल्याकडे भरपूर असतो आणि तोच धोका आहे. पहिल्या उत्साहात तीन तास बसले की दुसऱ्या दिवशी हात साथ देत नाही, तिसऱ्या दिवशी मन देत नाही. सकाळी पंधरा मिनिटे आणि संध्याकाळी वीस मिनिटे, मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती घेऊन, एवढे महिनाभर नियमाने झाले तर ते आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा कितीतरी जास्त पचते. सकाळी हात आखडलेले असतील तर आधी कोमट पाण्यात बुडवून घ्यावेत. स्वरलिपीचा कागद किंवा टॅब्लेट डोळ्यांच्या पातळीवर स्टँडवर ठेवावा. प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून मांडीवरच्या कागदाकडे पाहत बसले की मान दुखते आणि दोष गिटारीला दिला जातो. फ्रेट मोजण्यासाठी मानेच्या वरच्या कडेला ठिपके असतात, ते पाहावेत. गिटार आपल्याकडे कलती करून पट्टी पाहण्याची सवय लागली की मनगट वाकडे होते.

आता प्रत्यक्ष संगीत. सर्वांत जाड तारेचा पाचवा फ्रेट आणि तिच्या शेजारच्या तारेचा सातवा फ्रेट एकत्र वाजवला की ‘ए’ची पॉवर कॉर्ड होते. हाच आकार एक तार खाली सरकवला की ‘डी’ची, आणि तिथून दोन फ्रेट पुढे नेला की ‘ई’ची. पहिली दोन बोटे मध्ये एक फ्रेट सोडून ठेवायची, बस्स. ही दोन बोटे तेवढी फाकवताना अडचण वाटली तर तर्जनी आणि अनामिका वापराव्यात. या तीन कॉर्ड घेऊन बारा मात्रापट्ट्यांचा ब्लूज वाजवता येतो: चार पट्ट्या ए, दोन डी, दोन ए, एक ई, एक डी आणि शेवटच्या दोन पुन्हा ए. प्रत्येक पट्टीत चार ठोके, मेट्रोनोम मिनिटाला ६० वर. यात डाव्या हातापेक्षा उजव्या हाताची परीक्षा अधिक होते, कारण इलेक्ट्रिक गिटारीवर छेडलेली तार तर वाजतेच, पण न छेडलेलीही चुकून स्पर्श झाला की गुरगुरते. म्हणून उजव्या तळव्याची कड पुलाजवळ तारांवर अलगद टेकवून नको त्या तारा गप्प ठेवायला पहिल्यापासून शिकावे. या वाद्यातील निम्मे कौशल्य शांततेचे आहे, आणि पेटीवाल्या गिटारीवरून आलेल्यांना ते सर्वांत उशिरा कळते.

यावर वाजवायचे सूर आपल्या कानांना परके नाहीत. ज्याला मायनर पेंटाटॉनिक म्हणतात ते सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी, म्हणजे धानी रागाचे स्वर. मेजर पेंटाटॉनिक म्हणजे भूपाचे. सा ‘ए’वर धरला की धानीचे हे सगळे स्वर पाचव्या ते आठव्या फ्रेटच्या चौकटीत सहाही तारांवर हाताशी येतात. तार आडवी खेचून स्वर चढवण्याला गिटारवाले ‘बेंड’ म्हणतात. सतारीवरील मींड ज्याने ऐकली आहे त्याला त्याचे प्रयोजन समजावून सांगावे लागत नाही. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवरून पूर्ण एक स्वर चढवावा, आणि तो नेमका पोहोचला का हे दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटशी ताडून पाहावे. दोन्हीकडे एकच स्वर यायला हवा. खेचताना अनामिकेच्या मागे मध्यमा व तर्जनीही टेकू देण्यासाठी ठेवाव्यात आणि मनगट वळवावे, एकट्या बोटाने ओढू नये. इथेच बारीक तारांचे उपकार कळतात.

पेडल, केबल आणि ‘गॅस’

नवनवीन साहित्य घेत राहण्याच्या ओढीला गिटारवाल्यांच्या जगात ‘गिअर अॅक्विझिशन सिंड्रोम’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘गॅस’ म्हणतात. आपल्या भाषेत त्या शब्दाला जो अर्थ आहे तोही इथे बराचसा लागू पडतो: त्रास खरा असतो, थोडा वेळ बसून राहिले की जातो. निवृत्तीच्या वेळी हातात एकरकमी पैसा आलेला असतो, वेळ असतो, आणि इतकी वर्षे राहून गेलेल्या इच्छा असतात. त्यामुळे या वयात तो जोरात उठतो. मी एक नियम पाळतो. कोणतीही वस्तू घ्यावीशी वाटली की तिचे नाव, तारीख आणि ‘ती नसल्यामुळे काय वाजवता येत नाही’ हे एका वाक्यात वहीत लिहून ठेवायचे आणि ३० दिवस थांबायचे. तिसरा रकाना ज्या वस्तूंसमोर रिकामा राहतो त्यांची यादी माझ्या वहीत बरीच मोठी आहे.

पेडल म्हणजे गिटार आणि अॅम्प यांच्यामध्ये जोडायची, पायाने चालू-बंद करायची लहान पेटी. पहिले पेडल ट्यूनरचे, म्हणजे सूर जुळवणारे, घ्यावे. दुसरे, आणि एकट्याने वाजवणाऱ्यासाठी सर्वांत मोलाचे, लूपरचे. त्यात वरील बारा पट्ट्या एकदा ध्वनिमुद्रित केल्या की ते त्या पुन्हापुन्हा वाजवत राहते आणि आपण त्यावर सूर वाजवू शकतो. साथीदार कंटाळत नाही, आणि ताल कुठे चुकला तेही दर फेरीला निर्दयपणे ऐकवतो. मग आवाज फाटका करणारे ओव्हरड्राइव्ह, मग प्रतिध्वनी देणारे डिले. रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनासारखी घुमणूक, बहुधा अॅम्पमध्येच असतो. जोडणीचा रूढ क्रम ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, कोरससारखे परिणाम, डिले आणि शेवटी रिव्हर्ब असा असतो, कारण प्रतिध्वनी आधी आणि फाटका आवाज नंतर ठेवला की सगळ्याचा चिखल होतो. क्रम मोडून पाहायला हरकत नाही, त्याने काही जळत नाही. जळते ते चुकीच्या अॅडॅप्टरने. बहुसंख्य पेडलांना ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेला पुरवठा लागतो. व्होल्ट आणि ध्रुव तंतोतंत जुळायला हवेत. मिलिअँपिअरचा आकडा मात्र अॅडॅप्टरवर जास्त असला तरी चालतो, कमी चालत नाही. साधे ओव्हरड्राइव्ह काही मिलिअँपिअरवर भागवते, डिजिटल पेडल शेकड्यांत मागते. बॅटरीवर चालणारे पेडल कपाटात ठेवण्यापूर्वी बॅटरी काढून घ्यावी, नाहीतर ती गळून आतले सर्किट खाते. केबल सहा मीटरहून लांब घेऊ नये. लांबी वाढली की वरचा चमकदार आवाज दबतो.

संग्रह

एकेरी पिकअपची एक आणि हंबकरची एक अशा दोन गिटारींत वाजवणाऱ्याच्या जवळजवळ सगळ्या गरजा भागतात. तिसरी, हवी तर, अर्धपोकळ अंगाची घ्यावी. चौथ्या गिटारीपासून पुढे आपण संग्राहक झालो, हे स्वतःशी कबूल करावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण मग हिशोबही संग्राहकाचा ठेवावा. गिटार ही गुंतवणूक आहे असे सांगून घरातल्यांची समजूत काढू नये. १९५८ ते १९६० या काळातील सूर्यास्ती रंगाच्या लेस पॉल आज संग्राहकांच्या जगात शिखरावर आहेत, परंतु त्या काळी त्यांचा खप इतका मंद होता की गिब्सनने १९६१ साली तो आकारच बदलून टाकला. कोणत्या वाद्याला पुढे भाव येईल हे बनवणाऱ्यालाही कळत नाही. आज ‘संग्राहकांसाठी खास’ म्हणून जे विकले जाते ते तर सगळेच जपून ठेवतात, त्यामुळे ते दुर्मीळ होण्याची शक्यता कमीच.

जुन्या वाद्यात पैसा घालायचाच असेल तर आधी एखादा कालखंड निवडून त्याचा अभ्यास करावा. फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली, आणि त्याआधीची गिटार व त्यानंतरची गिटार यांच्या किमतींत मोठे अंतर पडते. साहजिकच सगळी लबाडी त्या सीमारेषेच्या आसपास चालते. अशा वेळी केवळ अनुक्रमांकावर विसंबू नये. आतील आवाजाच्या बटणाच्या पोटेन्शिओमीटरवर सांकेतिक अंक छापलेले असतात: ‘१३७६६१२’ असे असल्यास १३७ हा बनवणाऱ्याचा संकेत, ६६ म्हणजे १९६६ आणि १२ म्हणजे त्या वर्षीचा बारावा आठवडा. असा भाग मुळापासून असलेली गिटार १९६४ ची असूच शकत नाही. मानेच्या बुंध्यावर, जिथे ती धडात बसते, तिथेही फेंडरच्या जुन्या गिटारींवर तारीख सापडते. डाख मूळचे आहेत की पुन्हा दिलेले, पिकअप बदलले आहेत का, आणि रंग मूळचा आहे का, हे त्यानंतर पाहावे. नव्याने रंगवलेल्या जुन्या गिटारीची किंमत मूळ रंगाच्या तुलनेत साधारण निम्म्यावर येते, असा बाजारातला ठोकताळा आहे. म्हणूनच ज्याला वाजवायला जुनी गिटार हवी आहे, संग्रहासाठी नको, त्याने नेमकी तीच शोधावी.

परदेशातून जुने वाद्य मागवताना लाकडाचीही चौकशी करावी. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याची पट्टी असलेली गिटार योग्य कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. इतर रोझवुडच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून सूट आहे.

ठेवण्याच्या जागेत आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असावी. साधा आर्द्रतामापक कपाटात टांगून ठेवला की पुरे. फार कोरडे झाले तर लाकूड आकसून फ्रेटची टोके कडेने बाहेर येतात आणि हाताला कापतात, फार दमट झाले तर मान फुगते आणि धातू गंजतो. ऊन थेट पडू देऊ नये. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा रंग असलेली गिटार रबराच्या किंवा फोमच्या स्टँडवर ठेवू नये, कारण तो रंग रबराशी संयोग पावून मऊ होतो आणि डाग कायमचा राहतो. मध्ये सुती कापड घालावे. तारा महिनोन्‌महिने न वाजवताही पूर्ण सैल करू नयेत, मान त्या ताणाच्या हिशेबानेच बेतलेली असते.

प्रत्येक वाद्यासाठी वहीचे एक पान राखावे. त्यावर अनुक्रमांक, कोणाकडून किती किमतीला घेतले ती नोंद, पावती, पुढून, मागून आणि डोक्याजवळून काढलेली छायाचित्रे, बदललेल्या भागांची यादी आणि शेवटच्या तारा कधी चढवल्या ती तारीख लिहावी. मूळ भाग बदलले असतील तर ते फेकू नयेत, नाव लिहिलेल्या पिशवीत त्याच वाद्याच्या पेटीत ठेवावेत. विमा उतरवायचा झाला, चोरी झाली किंवा वाद्य विकायचे ठरले तर हेच पान कामी येते. आणि आपल्यामागे हे सगळे ज्यांच्या हाती जाईल त्यांना यातली कोणती गिटार मोलाची व कोणती साधी हे ओळखता येणार नाही, म्हणून पानाच्या तळाशी दोन ओळी त्यांच्यासाठी लिहाव्यात: हे काय आहे, आणि विकण्यापूर्वी कोणत्या जाणकाराला दाखवावे. वर्षातून एकदा वही उघडावी, आणि ज्या पानावरील तारांची तारीख बारा महिन्यांहून जुनी झाली असेल, ते वाद्य एकतर त्या आठवड्यात वाजवायला काढावे, नाहीतर विकायला.